देवचाराच्या वळणावरची गळती

लवू तांबटाने आयुष्यात एकच गोष्ट नीट केली, असं त्याची बायको सुगंधा म्हणायची, आणि नेमकी तीच त्याला नडली. ती गोष्ट म्हणजे गळती शोधणं.

त्याचा बाप मिठबाव आणि आसपासच्या गावांत फिरून भांड्यांना कल्हई करायचा. लवू भाता ओढत मोठा झाला. फुटक्या हंड्याला डाग लावण्याआधी बाप तो पाण्याने भरून दगडावर ठेवायचा आणि पोराला समोर बसवायचा. "पाणी खंयसून इला ता बघ. खंय पडला ता बघू नको," एवढीच त्याची शिकवण. थेंब निघतो एकीकडे, कडेकडेने सरकतो आणि पडतो भलतीकडेच. लोक पडल्या जागी डाग लावतात आणि हंडा पुन्हा गळायला लागला की तांबटाला शिव्या घालतात. लवू तासन्‌तास हंड्यासमोर उकिडवा बसायचा. बोलायचा कमी, आणि बोलला की समोरच्याला टोचेल असंच.

दुसरं महायुद्ध संपल्यावर गावच्या भाईंनी दोन जुन्या मोटारी घेतल्या. भाई म्हणजे गावातला एकमेव माणूस ज्याच्या घरी खुर्च्या होत्या. मिठबाव ते कणकवली अशी त्यांची गाडी सुरू झाली तेव्हा लवू क्लीनर म्हणून लागला, आणि दोन वर्षांत कोणी न नेमता गाडीचा फिटर झाला. पगार मात्र क्लीनरचाच राहिला, त्याचा भाईंना कधी विसर पडला नाही.

त्याचं नाव झालं ते ओकाऱ्यांमुळे. मागच्या बाकावर बसलेल्या बायका कणकवलीपर्यंत हटकून ओकायच्या, डोकं धरून बसायच्या. बायकांच्या जातीला गाडी लागते, असं ड्रायव्हर गंगारामने ठरवून टाकलं होतं. लवू एक दिवस स्वतः मागच्या बाकावर बसून गेला आणि स्वतःही ओकला. परत आल्यावर त्याने इंजिन चालू ठेवायला लावलं, धुराच्या नळीच्या तोंडात ओलं गोणपाट कोंबलं आणि गाडीखाली उताणा शिरला. बाहेर जायला वाट नसलेला धूर फुसफुस करत भलत्याच जागी बाहेर पडला, बरोबर मागच्या बाकाखाली, सायलेन्सरच्या सांध्यातून. फळीच्या फटीतून तो सरळ बायकांच्या नाकात जात होता. लवूने सांध्यावर पत्र्याची पट्टी आवळली आणि ओकाऱ्या थांबल्या. "बायकांची जात सुधारली वाटता," तो गंगारामला म्हणाला. गंगारामने आठ दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं.

पण एक गळती त्याला सापडत नव्हती, आणि तिच्या जिवावर एक देवचार जगत होता.

कणकवलीच्या वाटेवर चिऱ्याची घाटी लागते. तिच्या तिसऱ्या वळणावर गावाच्या हद्दीचा राखणदार असलेल्या देवचाराचा दगड. भाईंची गाडी भरून निघाली की बरोबर त्या वळणावर तापायची. बॉनेटमधून वाफ, खालून पाणी, आणि गाडी ठप्प. गंगाराम उतरायचा, दगडापुढे नारळ फोडायचा, एक विडी पेटवून ठेवायचा. क्लीनर शेजारच्या व्हाळातून पाणी आणून रेडिएटर भरायचा. लोक पाय मोकळे करायचे, खोबऱ्याचा तुकडा चघळायचे. वीस मिनिटांनी गाडी सुरू व्हायची. आता वीस मिनिटं थंड झालेलं आणि पोटभर पाणी प्यालेलं इंजिन सुरू होणार नाही तर काय होणार? पण श्रेय नारळाला जायचं. देवाला गावाचं गाऱ्हाणं घालणारा घाडी शिवा सांगायचा की देवचार स्वतः हात आडवा घालून गाडी थांबवतो, मान घेतो आणि मग सोडतो.

लवूचं डोकं फिरायचं ते यानेच. त्याने तीन वेळा रेडिएटर उतरवला, भोकं बंद करून तळीत बुडवला, सायकलच्या पंपाने हवा भरली. एक बुडबुडा आला नाही. घरी गाडी उभी असली की थेंब नाही. वळणावर मात्र धार. गंगाराम हसून म्हणायचा, "तुझ्या तळीत देवचार येयत कसो?"

अशात छप्पन साली बातमी आली की पुढच्या वर्षी हा रस्ता सरकार घेणार. भाईंच्या गाड्या बंद होणार, सरकारी गाड्या येणार, पण जुनी माणसं तपासून कामावर घेणार. ड्रायव्हरची गाडी चालवून परीक्षा, आणि फिटरची त्याने सांभाळलेली गाडी बघून. लवू एकदा सुटे भाग आणायला कोल्हापूरला गेला होता तेव्हा त्याने तिथला सरकारी कारखाना दारातून बघितला होता. जमिनीत बांधलेले खड्डे, त्यात उभं राहून माणूस गाडीचं पोट वर बघू शकत होता. भिंतीवर हत्यारं टांगलेली, आणि प्रत्येक हत्यारामागे त्याच्याच आकाराची रंगवलेली खूण. ते त्याने सुगंधाला इतक्या वेळा सांगितलं होतं की तिलाही पान्ह्यांची नावं पाठ झाली होती. त्याला तिथे उभं राहायचं होतं. गाडीखाली शेणात उताणं पडून त्याचे दिवस गेले होते. भाईंची गाडी तापते हे साहेबाने बघितलं तर ते दार कायमचं बंद, हे त्याला कळत होतं.

म्हणून त्याने वळणाचा नाद धरला. गाडी घाटी चढताना ती पिळवटते, पाणी उकळतं, आणि तेव्हाच कुठलीतरी चीर तोंड उघडते, असं त्याच्या मनाने घेतलं. म्हणजे गळती शोधायची तर तापल्या गाडीतच. पण तिथे वाफ एवढी की काही दिसेना. मग एका सकाळी सुगंधा सारवण करत असताना तो आत आला आणि हळदीचा डबा उचलून चालता झाला.

"अरे, खंय नेतस ती?"

"गाडयेक लावूक."

"लगीन आसा काय तिचा?"

त्याने ती हळद रेडिएटरच्या पाण्यात कालवली. आणि बाहेरून, पुढूनमागून, शिंपल्यांच्या ताज्या चुन्याचा हात दिला. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे पोरासोरांना ठाऊक. पाणी जिथून पहिल्यांदा पाझरेल तिथे लाल रेघ उमटेल, मग ते कुठेही टपको. बापाची शिकवण त्याने अशी गाडीला लावली. खरं तर त्या दिवशी कोणीतरी त्याची पाठ थोपटायला हवी होती.

गाडी भरून निघाली. तिसऱ्या वळणावर नेहमीप्रमाणे तापली. लवूने उडी मारून बॉनेट उघडलं, वाफ सरल्यावर बघितलं, आणि त्याला हसू आवरेना. पांढऱ्याशुभ्र चुन्यावर, वरच्या टाकीच्या कोपऱ्यातल्या सांध्यापासून लालभडक रेघ निघाली होती. केसाएवढी चीर. थंड असताना मिटणारी, तापली की उघडणारी.

"गावली!" तो ओरडला. "गावली रे, हयसर आसा!"

लोक धावले. आणि त्यांनी बघितलं ते असं: देवचाराचा दगड, त्याच्यासमोर अडलेली गाडी, आणि गाडीच्या छातीवरून ओघळणारं लाल. एक बाई किंचाळली. शिवा घाडी त्या दिवशी गाडीतच होता. तो पुढे आला, हात जोडले आणि म्हणाला, "रगात दाखवल्यान. राखणदारान रगात दाखवल्यान."

"रगात नाय रे बाबा, हळद!" लवूने डब्यातली उरलेली हळद तळहातावर घेतली, चुना लावला, लाल झालेला हात सगळ्यांपुढे फिरवला. "बघा. हळद आणि चुनो. घरात कुकू करतास ना?"

हौसाबाई म्हणून एक म्हातारी होती, घरी कुंकू करून विकायची. तिला हे पटायला हवं होतं. तिने तळहात नीट निरखला आणि मान हलवली. "खरा सांगतस रे. कुकूच ता. म्हणजे राखणदाराक कुकू व्हया झाला. तुझ्या हातान करून घेतल्यान."

लोकांनी चीर बघितली नाही. त्यांनी रेडिएटरला हात जोडले. कोणीतरी त्याच्यावर नारळाचं पाणी शिंपडलं.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी उन्हं चढल्यावर लवूने रेडिएटर उतरवला. चीर घासून लख्ख केली, नवसागर लावला, बापाच्या भात्याने सळई तापवली आणि कथलाचा असा डाग लावला की बोट फिरवलं तर सांधा कळू नये. आयुष्यात तेवढा चांगला डाग त्याने लावला नव्हता. तिसऱ्या दिवशी गाडी वळणावरून न थांबता वर गेली. गंगारामने सवयीने पाय ब्रेकवर नेला होता, तो त्याने उचलला. गाडीतले लोक वळून मागे पडणाऱ्या दगडाकडे बघत राहिले. लवू दारात उभा राहून शीळ घालत होता, आणि त्याला एवढंही सुचलं नाही की दगडाकडे बघून निदान हात तरी जोडावा.

पुढचे अकरा दिवस त्याच्या आयुष्यातले सुखाचे. सुगंधा त्याला रोज विचारायची, "आज?" तो म्हणायचा, "थेंब नाय."

बाराव्या दिवशी शिवा घाडीच्या गाईचा पाडा मेला. मग कोणाची होडी खडकावर आपटली, कोणाच्या पोराला ताप आला. हे सगळं दर वर्षी होत होतं. पण दर वर्षी देवचाराला त्याचा मान मिळत होता, यंदा नव्हता. लोक घाटीच्या पायथ्याशी गाडीतून उतरायला लागले. वळण चालत ओलांडायचे, दगडापुढे नारळ ठेवायचे आणि वर जाऊन पुन्हा गाडीत बसायचे. मग तेही बंद झालं. बैलगाडीने गेलेलं बरं, असं ठरलं. भाईंची गाडी अर्धी रिकामी धावू लागली.

देवळात कौल लावला. शिवा घाडीने गाऱ्हाणं घातलं, "बा राखणदारा म्हाराजा, तुझ्या वाटेर तुझो मान चुकलो आसात तर सांग, कोणाच्या हातान चुकलो ता दाखव, आणि लेकराबाळांक संभाळ!" सगळे म्हणाले, "होय म्हाराजा!" पाकळी उजवीकडून पडली, म्हणजे मान चुकला हे खरं. लवू मागे उभा होता. तो पुढे येऊन म्हणाला की एवढंच असेल तर गंगारामने आपणहून गाडी थांबवावी, नारळ फोडावा आणि निघावं. त्यात काय मोठं? कोणालाही पटावं असं ते बोलणं होतं. पण शिवाने पुन्हा पाकळ्या लावल्या आणि उत्तर आलं ते असं: आपणहून थांबलेली गाडी देवचाराला नको. त्याने थांबवलेली हवी.

दुसऱ्या दिवशी भाईंनी लवूला ओटीवर बोलावलं. खुर्चीवर बसायला सांगितलं, तेव्हाच लवूला समजलं की काहीतरी वाईट आहे.

"तो डाग काढ," भाई म्हणाले.

"कसलो डाग?"

"तुका म्हायत आसा कसलो. होती तशी गळती करून ठेव. चार म्हयने. मगे गाडी माझी रवाची नाय, सरकार बघीत काय ता."

"भाई, तपासणीक सायब येतलो."

"साहेबाचा माझ्याकडे लागला. मी तुका चिठ्ठी देतंय. हुशार फिटर म्हणून लिवतंय. मगे झाला?"

लवू घरी आला. सुगंधाला सांगितलं. तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि म्हणाली, "कर. कोणाक कळतला?" तिला ती नोकरी हवी होती. नवरा ठरल्या वेळी घरी येईल, सदऱ्याला नवसागराची भोकं नसतील, एवढंच तिचं मागणं होतं, आणि ते चुकीचं नव्हतं.

लवूने स्वतःच्या डागावर खिळा ठेवला आणि हातोडी मारली. पहिल्या घावाला तो डाग फुटला नाही. तीन घाव घालावे लागले. याचा त्याला अभिमान वाटला आणि रडूही आलं, आणि दोन्ही कोणाला सांगण्यासारखं नव्हतं.

गाडी पुन्हा वळणावर तापू लागली. लोक परत आले. शिवा घाडी पुढच्या बाकावर बसू लागला.

तपासणीचा साहेब रत्नागिरीहून आला. तरुण होता, बाह्या वर करून स्वतः बॉनेटमध्ये वाकणारा. अशाच माणसापुढे लवूला काम दाखवायचं होतं, हे त्याचं दुर्दैव. भाई, गंगाराम, शिवा घाडी आणि अर्धं गाव भोवती उभं होतं. साहेबाने भाईंची चिठ्ठी वाचली, सायलेन्सरचा सांधा बघून मान डोलावली. "हे चांगलं केलंय." मग त्याचं बोट वरच्या टाकीवर गेलं.

"हा डाग कोणी लावला?"

"मी," लवू म्हणाला.

"कच्चा आहे. फुटलाय. कल्हईवाल्यासारखं काम केलंय तुम्ही." साहेब रागावला नव्हता. उलट सांभाळून घेण्याच्या सुरात म्हणाला, "हरकत नाही. मदतनीस म्हणून घेऊ. दोन वर्षं हाताखाली राहाल, डाग कसा लावायचा ते शिकाल."

इथे गप्प राहायचं होतं. दार उघडलं होतं, फक्त मान खाली घालून आत जायचं होतं. भाई साहेबाच्या मागून डोळ्यांनी तेच सांगत होते. सुगंधा दूर माडाखाली उभी होती, तिच्यापर्यंत शब्द पोचत नव्हते. पण लवूच्या कानात 'कच्चा' हा एकच शब्द वाजत राहिला. त्याच्या बापाला कोणी कधी कच्चा म्हटलं नव्हतं.

"डाग कच्चा नाही, साहेब," तो सावकाश, शाळेतल्यासारखं म्हणाला. "तो मी फोडला. खिळा मारून."

"फोडला? कशासाठी?"

"देवचारासाठी. गाडी वळणावर थांबायला हवी म्हणून. मालकांनी सांगितलं."

साहेब आधी हसला. मग त्याने भाईंकडे बघितलं. "खरं आहे का हे?"

भाईंनी कोटाचं बटण लावलं. "छे हो, साहेब. देवचार कसला घेऊन बसलात? आपण शिकलेली माणसं. आमच्याकडे असलं काही नाही."

लवूने शिवा घाडीकडे बघितलं. शिवा पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता. गंगाराम चाकाची हवा बघायला खाली वाकला. हौसाबाईने पदर तोंडाला लावला. ज्या गावाने एका डागापायी त्याला पापी ठरवलं, त्या गावात त्या घटकेला देवचार मानणारा एकही माणूस उरला नव्हता.

साहेबाने कागदावर लिहिलं: मालकाच्या गाडीची जाणूनबुजून नासधूस. आणि खाली, खोटे बोलतो. गंगाराम पास झाला.

सरकारी गाडी सुरू झाली तेव्हा ती नवी होती, तापत नव्हती. तिसऱ्या वळणावर ती थांबली नाही. पहिल्या दिवशी लोकांनी श्वास रोखून धरला, दुसऱ्या दिवशी कंडक्टरने खिडकीतून दगडाकडे एक पैसा भिरकावला, आणि शिवा घाडीने कौल लावून सांगितलं की सरकारचा पैसा राखणदाराला पावला. गाडी थांबवायची गरज नाही. लवू तेव्हा देवळात नव्हता. सुगंधाने येऊन सांगितलं तेव्हा तो कोणाच्यातरी परातीला कल्हई करत होता. त्याने परात खाली ठेवली आणि इतका हसला की ती घाबरली. नंतर ती त्याला नोकरीबद्दल कधी बोलली नाही, आणि ते न बोलणंच त्याला जास्त लागलं.

दहा वर्षं गेली. भाता, कथील, नवसागर आणि सळई खांद्यावरच्या झोळीत घालून तो बापासारखाच गावोगाव फिरत राहिला. कोणी पंप, कोणी इंजिन दाखवायला आणलं तर "माका भांडी कळतत" म्हणून परत पाठवायचा. हट्टीपणा होता हा, आणि त्याचा तोटा त्याच्याच घराला होत होता. पण त्याला तेवढंच उरलं होतं.

सदुसष्टच्या वैशाखात तो चिऱ्याची घाटी चढत होता, तेव्हा तिसऱ्या वळणावर सरकारी गाडी उभी दिसली. बॉनेटमधून वाफ निघत होती. समोर खाकी कपड्यांत गंगाराम, केस पिकलेला, घामाने निथळणारा. लवूला बघून तो एवढा आनंदला की जणू मधे काही घडलंच नव्हतं.

"लवू! देवासारखो इलस रे. बघ वायच. गाडी जुनी झाली, आज तिसऱ्यांदा तापली. थंड असताना थेंब नाय, आणि हयसर धार."

लवू वाकला. त्याला बघायचीही गरज नव्हती, नुसत्या फुसफुसण्यावरून कळत होतं. वरच्या टाकीचा कोपरा, सांध्यापाशी. थेंब खाली चाकाजवळ पडत होता, पण निघत होता तिथून. झोळीत कथील होतं, नवसागर होता. शेजारी व्हाळ, सुकी लाकडं. एका तासाचं काम. लोक भोवती जमले होते. शिवा घाडीही होता, दात पडलेला. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते.

लवूने पाठ सरळ केली.

"माका काय दिसणा नाय," तो म्हणाला. "गाडी बरी आसा. राखणदाराची वाट ही, मान चुकलो असतलो. नारळ फोडा."

गंगारामने डोक्याला हात लावला. "अरे होय! पैसो टाकूक इसारलंय आज." कोणीतरी पिशवीतला नारळ काढून दिला. शिवाने गाऱ्हाणं घातलं, सगळे "होय म्हाराजा" म्हणाले. पाणी भरलं, वीस मिनिटांनी गाडी सुरू झाली. गंगारामने खिडकीतून खोबऱ्याचा तुकडा लवूच्या हातावर ठेवला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "बघ, शेवटी तुकाय पटला."

गाडी वर गेली. तांबड्या रस्त्यावर तिच्यामागे थेंबांची ओली रेघ उमटत गेली, थेट पुढच्या वळणापर्यंत. लवू झोळी खांद्यावर घेऊन ती वाळेपर्यंत उभा राहिला. गळतीबद्दल तो जन्मात पहिल्यांदा खोटं बोलला होता, आणि गावाने त्याच्यावर विश्वास ठेवला तोही पहिल्यांदाच.